टोचनचा दोर सुट्टीवर आहे

आमच्या शेजारच्या काकांइतका तयारीचा माणूस अख्ख्या यवतमाळ जिल्ह्यात सापडणार नाही, आणि त्यांच्या तयारीपायी जितकी माणसं उशिरा पोहोचली तितकी एसटीपायीसुद्धा पोहोचली नसतील. मी हे रागाने लिहिते आहे, ते आधीच सांगून टाकते. तोंडावर मी कोणाला काही बोलत नाही. माझा राग आत साठत जातो, त्याची नीट घडी पडते आणि तो कपाटात जाऊन बसतो. काकांसाठी त्या कपाटात एक अख्खा खण राखून ठेवलेला आहे.

काका जिल्हा परिषदेचे गुरुजी. मारेगावच्या आसपासच्या खेड्यांत आणि कोलामांच्या पोडांवर, म्हणजे जंगलातल्या वस्त्यांवर, त्यांनी आयुष्यभर शिकवलं. निवृत्त झाल्यावर लोक वरचा मजला चढवतात, चारधाम करतात, निदान संडासाला टाइल्स तरी लावतात. काकांनी नागपूरहून दोन सीटची, कापडी टपाची, लालभडक स्पोर्ट्स कार आणली. तीही जुनी. ती बनवणारा कारखाना बंद पडून इतकी वर्षं झाली होती की तिच्या सुट्या भागांबद्दल विचारलं की मेकॅनिक नुसते हसायचे. गाडी एवढी बुटकी की तिच्यात बसल्यावर रस्त्यावरच्या कुत्र्याशी नजरानजर होते आणि कापसाच्या ट्रॉलीचं फक्त चाक दिसतं. गल्लीने तिचं नाव 'पानाचा डबा' ठेवलं. काकूंनी तर पहिल्याच दिवशी तिच्याभोवती एक चक्कर मारली आणि म्हणाल्या, "दोघांचीच जागा आहे हिच्यात. म्हंजे माया माहेरचं कोनी बसू नये, असंच ना?"

पण दोघांची तरी जागा कुठे होती? माझी पहिली तक्रार हीच. गाडी कधी, कुठे आणि कशी बंद पडेल याचा काकांनी इतका खोल विचार केला होता की गाडीत बसणाऱ्या माणसाचा विचार करायचा राहूनच गेला. डिक्कीत स्टेपनी, जॅक, पान्यांची पेटी, पकड, पेचकस, क्लचची वायर, फॅन बेल्ट, प्लग, फ्यूज, बल्ब. सीटच्या मागे इंजिन ऑइल, ब्रेक ऑइल, नरसाळं, तारेचं भेंडोळं, चिकटपट्टी, चाकाला लावायचे दोन लाकडी गुटके आणि टोचनचा दोर, म्हणजे बंद गाडी दुसऱ्या गाडीला बांधून ओढायचा. शेजारच्या सीटपुढे, जिथे माणसाने पाय ठेवायचे, तिथे पाण्याचे दोन कॅन. आणि हे कमी म्हणून काकांच्या खास वस्तू. पेट्रोलची टाकी गळली तर छिद्रात दाबून बसवायला कपड्याचा साबण. फॅन बेल्ट तुटला तर त्याच्या जागी पिळून बांधायला काकूंच्या नायलॉनच्या साडीची पट्टी. आणि रेडिएटर गळायला लागला तर त्यात ओतायला एक डबा हळद. हळद पाण्यात फुगते आणि बारीक भोक बुजवते, असं काकांचं म्हणणं. "माणसाच्या जखमेले चालते, मंग गाडीले काहून नाही चालनार?" या प्रश्नाला माझ्या इंग्लिश मीडियमच्या शाळेत उत्तर शिकवलेलं नव्हतं.

तरी हे सगळं मी सहन केलं असतं. सहन होत नव्हती ती हजेरी. काका गाडी बाहेर काढण्याआधी सामानाची हजेरी घेत. जुन्या शाळेच्या हजेरीपटासारखा रकाने आखलेला एक मोठा कागद, त्यावर त्रेचाळीस नावं, आणि ती मोठ्याने वाचायला मी. मी बारावीत असताना एकदा सहज फाटकापाशी उभी होते, तेव्हा त्यांनी मला मॉनिटर नेमलं आणि पुढे कधी ते पद काढून घेतलं नाही. मी नाव वाचायचं, काकांनी डिक्कीतून ती वस्तू वर धरून तिच्या वतीने "हाजिर!" म्हणायचं. डब्यांच्या बाबतीत नियम वेगळा. डब्याचं झाकण मॉनिटरने स्वतः उघडायचं, आत पाहायचं, वास घ्यायचा आणि मग मॉनिटरनेच "हाजिर" म्हणायचं. वर्गात उत्तर येत असतानाही हात वर न करणाऱ्या मुलीने भर गल्लीत, समोरच्या ओट्यावर बायका तूर निवडत बसलेल्या असताना, "साबण!" म्हणून ओरडायचं. "मोठ्यानं!" काका म्हणत. मी पुन्हा "साबण" म्हणे. "अवो मॅडम, मागच्या बाकावर आयकू नाही गेलं!" मागचा बाक म्हणजे समोरचा ओटा. तिथून एखादी मावशी हमखास म्हणे, "आमाले आयकू आलं वो गुरुजी, जाऊ द्या पोरीले!" आणि सगळ्या हसत.

आता माझ्या संतापाचं खरं कारण. इतका जय्यत तयार असलेला हा माणूस त्यातली निम्मी हत्यारं स्वतःच्या गाडीसाठी वापरतच नसे. रस्त्याच्या कडेला कोणाचंही वाहन थांबलेलं दिसलं की काकांचा पाय आपोआप ब्रेकवर जाई. कळंबच्या चिंतामणीच्या दर्शनाला आम्ही पाच वेळा निघालो असू, त्यातल्या दोनदा देवळाचं दार बंद व्हायच्या वेळी पोहोचलो. एकदा तर ज्या माणसासाठी थांबलो तो नुसता लघवीला उतरला होता. आणि हत्यारं दिली की ती परत येत नसत. लोक "उद्या आणून देतो गुरुजी" म्हणत आणि तो उद्या कधी उजाडत नसे. पण काका हजेरीपटावर 'गैरहजर' लिहू देत नसत. "गैरहजर म्हंजे न सांगता गेला तो. हे सांगून गेलं आहे. सुट्टीवर लिही." म्हणून आमच्या कागदावर बारा-तेराचा पाना सुट्टीवर, मुक्काम वणी, दुसऱ्या बॅटरीवरून गाडी चालू करायच्या वायरी सुट्टीवर, मुक्काम मारेगाव खुद्द, आणि टोचनचा दोर सुट्टीवर, मुक्काम उमरखेड.

तो दोर माझ्या देखत गेला, त्यामुळे त्याचा राग जास्त. एक नवराबायको करड्या रंगाच्या गाडीने उमरखेडला निघालेले, करंजीच्या फाट्यावर अडकलेले. ट्रॅक्टरवाला ओढायला तयार होता, दोर नव्हता. आमचा नवाकोरा पिवळा दोर, ज्याची टोकं काकांनी स्वतः लाल सुताने गुंडाळली होती, त्यांना मिळाला. बाई म्हणाली, "आम्ही नक्की पाठवू हं, काका." शुद्ध बोलणाऱ्यांवर काकांचा फार विश्वास. मी घरी आल्यावर दारात एवढंच म्हणाले, "तुम्ही त्यांचा नंबरसुद्धा घेतला नाही." तर म्हणतात, "आपला दोर त्याइले माहीत आहे ना? मंग झालं."

या जानेवारीत मला यवतमाळला मुलाखतीसाठी जायचं होतं. एका शिक्षण संस्थेच्या शाळेत इंग्रजीच्या शिक्षिकेची जागा. ही माझी तिसरी मुलाखत. आधीच्या दोन्हींत मला सगळं येत होतं आणि दोन्हींत माझा आवाज टेबलाच्या अलीकडेच पडला. दुसऱ्या वेळी एक सर जवळजवळ दयेने म्हणाले होते, "बेटा, तू हुशार आहेस, पण पोरं तुला खाऊन टाकतील." ते वाक्य घेऊन मी वर्षभर झोपत होते. बाबा म्हणाले होते, या वेळी नाही जमलं तर शिकवायचा नाद सोड, तहसीलसमोर झेरॉक्सचं दुकान आहे ओळखीच्यांचं, तिथे बस; तिथे बोलावं लागत नाही. ते टोमणा मारत नव्हते, काळजीने म्हणत होते, म्हणून जास्त लागलं. मला शिकवायचं होतं. आणि मुलाखत अकराला होती.

सकाळची एसटी आलीच नाही. बाबा साहेबांबरोबर दौऱ्यावर. मी स्टँडवरून रडवेली परत आले, तर काका फाटकात उभे. "मी सोडतो. दोन घंट्यात यवतमाळ." मी घड्याळ पाहिलं. पावणेआठ. बसायला वळले, तर त्यांनी खिशातून हजेरीपट काढला.

"काका, आज नको ना."

"आजच तं पाह्यजे. आज तुयं काम आहे, मायं नाही."

दात आवळून मी वाचत सुटले. ओट्यावरून आवाज आला, "आज इंग्लिश एक्स्प्रेस लय जोरात आहे!" हळदीच्या डब्यापाशी आले. झाकण उघडलं. आत पिवळं होतं, पण फिकं, आणि त्याला हळदीचा वास नव्हता. मला त्याच क्षणी कळलं की ही हळद नाही. आणि त्याच क्षणी मला हेही दिसलं की हे बोलले तर काका घरात जातील, काकूंना हाक मारतील, काकू स्वयंपाकघरातले सगळे डबे उतरवतील आणि तोवर साडेआठ होतील. मी झाकण लावलं. "हाजिर," मी म्हणाले आणि टिक केली.

करंजी मागे पडल्यावर चढावर बॉनेटमधून वाफ यायला लागली. काकांनी गाडी कडेला घेतली, चाकांना गुटके लावले आणि बॉनेट उघडून असे प्रसन्न हसले की जणू रेडिएटरने दिलेला शब्द पाळला होता. "बारीक भोक आहे. पंधरा मिनटं थंडी होऊ दे." थंड झाल्यावर त्यांनी पाणी भरलं आणि हळदीचा डबा हातात घेतला. मी "काका" म्हणाले. एक ट्रक गेला. "काय?" त्यांनी वळून विचारलं. एका वाक्याचं काम होतं. मी म्हणाले, "काही नाही." त्यांनी अख्खा डबा ओतला.

आम्ही जेमतेम दोन किलोमीटर गेलो असू. आधी वास आला. ओळखीचा, घरचा, भूक लागेल असा. मग इंजिन खोकलं आणि पुन्हा वाफ. या वेळी रेडिएटरचं झाकण उघडेपर्यंत साडेनऊ होत आले होते. आत बुडबुडे फोडत पिठलं शिजत होतं. काकांनी बोटाने थोडं काढलं, वास घेतला आणि चक्क जिभेवर ठेवलं.

"बेसन आहे," ते म्हणाले. "मीठ नाही."

नंतर कळलं की संक्रांतीच्या हळदीकुंकवाला काकूंना घरातली हळद पुरली नव्हती, म्हणून त्यांनी गाडीतली नेली आणि हजेरीत डबा रिकामा सापडू नये म्हणून त्यात बेसन भरलं, रंगासाठी वरून चिमूटभर हळद. वर त्यांनाच राग. "गाडीले हळद पाह्यजे म्हनून मी आलेल्या बायाइले नुसतं कुंकू लावून वापस पाठवू काय?" पण ते नंतर. त्या वेळी काकांनी हजेरीपट उघडला, हळदीपुढची टिक पाहिली आणि मग माझ्याकडे पाहिलं.

"मी पाहिलं होतं," मी म्हणाले. "वाटलं, उशीर होईल."

मला वाटलं, आता ओरडतील. ओरडले असते तर बरं झालं असतं. ते गुटक्यावर बसले आणि रुमालाने बोट पुसत राहिले. मग म्हणाले, "पोडावर होतो ना मी, तवा एकडाव सायकलीची चैन तुटली जंगलात. किती जनाइले हात केला, कोनी नाही थांबलं. संध्याकाळी पायी पोचलो. पोरं बसूनच होती. सकाळपासून. काहून तं म्हने, गुरुजी, हजेरी नाही झाली आमची." एवढंच. पुढे त्यांनी तात्पर्य वगैरे काही सांगितलं नाही. उठले आणि म्हणाले, "गाडी आता काही येत नाही. तू कोनाले तरी हात कर."

त्यांनीच आधी हात केला. दोन दुचाक्या गेल्या, एक जीप गेली. मग एक पांढरी गाडी आली. मागच्या काचेला कापडी हत्ती लटकलेला. मी तिला ओळखलं. आमच्या बॅटरीच्या वायरी या गाडीत आहेत. दिवाळीत भर उन्हात काकांनी अर्धा तास राबून ती चालू करून दिली होती. काकांनीही ओळखलं आणि आनंदाने दोन्ही हात वर केले. गाडीचा वेग कमी झाला, आतल्या माणसाने आम्हाला पाहिलं, ओळखीचा हॉर्न वाजवला आणि तो निघून गेला. हॉर्न वाजवला! काका म्हणतात, "घाईत असन."

माझ्या कपाटातले सगळे खण एकदम उघडले. गळणारा रेडिएटर, सुट्टीवरचा दोर, माझी ती टिक, आणि हा हॉर्न. मागून कापसाने फुगलेली मेटॅडोर येत होती. मी रस्त्याच्या मधोमध जाऊन उभी राहिले आणि ओरडले, "थांबा!" आवाज माझाच होता, पण माझी त्याच्याशी ओळख नव्हती. कडेच्या सागावरून पाखरं उडाली. मेटॅडोर कचकन थांबली. ड्रायव्हरने डोकं बाहेर काढलं.

"काय झालं वो बाई? तिकडे पार करंजीलोक आयकू गेलं असन!"

"अकराला यवतमाळ! मुलाखत आहे!" मी अजून ओरडतच होते.

"बसा मंग. पन भांडू नका."

काकांनी गाडी सोडायला साफ नकार दिला. "हिले एकटी कशी टाकू? जा तू. अन् मॉनिटर," ते म्हणाले, "मागच्या बाकालोक आवाज गेला पाह्यजे." केबिनमध्ये दोन माणसं आधीच होती. खिडकीशी अर्धी बाहेर लटकत मी मागे पाहिलं, तर काका बेसन खरवडत होते.

मी वीस मिनिटं उशिरा पोहोचले, केसांत कापूस, कानांत मेटॅडोर. उशीर का झाला, असं त्यांनी विचारलं आणि मी सगळं सांगितलं: हळद, बेसन, हॉर्न, सगळं. कान बधिर असल्यामुळे किती मोठ्याने, ते मला कळत नव्हतं. टेबलाच्या टोकाच्या सरांनी खुर्ची मागे घेतली. "हळू, मॅडम, हळू. शेजारी दहावीचे वर्ग आहेत." मग त्यांनी मला एक धडा शिकवून दाखवायला सांगितला. मी शिकवला. नोकरी मिळाली. शाळा त्याच संस्थेची, पण उमरखेडला.

काकांनी पुढचे तीन दिवस रेडिएटर गरम पाण्याने धुतला. गल्लीभर पिठल्याचा वास होता आणि येणारा-जाणारा विचारे, "गुरुजी, भाकरी घेऊन येऊ काय?" गाडी वाचली. पण आता काकांची नजर अधू झाल्यामुळे ती पेट्रोल पंपापलीकडे जात नाही. हजेरी मात्र होते. जून संपताना, मी निघायच्या आदल्या दिवशी, त्यांनी मला बोलावलं. त्रेचाळीसपैकी सतरा सुट्टीवर होते. मी झाकणं उघडली. हळदीचा वास दोनदा घेतला. ओट्यावरच्या बायका तोंडाला पदर लावून बसल्या होत्या. यादी संपली म्हणून मी कागद मिटणार, तर खाली चव्वेचाळिसावं नाव होतं, ताज्या निळ्या शाईत: मॉनिटर. मी "हाजिर" म्हणायच्या आत काकांनी माझ्या हातातून पेन घेतलं, कागद डोळ्यांजवळ धरला आणि सावकाश लिहिलं: सुट्टीवर, मुक्काम उमरखेड.

मला इतका राग आला! त्या पान्याच्या, त्या वायरींच्या रांगेत मला बसवलं? "मी परत येणार आहे!" मी म्हणाले. मागच्या बाकापर्यंत आणि त्याच्याही पलीकडे ऐकू गेलं. या वेळी ओट्यावरचं कोणी हसलं नाही.

काका डिक्की लावत होते. माझ्याकडे न बघता म्हणाले, "टोचनचा दोरबी असाच म्हने."

इथे येऊन मला तीन आठवडे झाले. सकाळी साठ मुलांची हजेरी घेते, आवाज पोहोचतो. शाळा सुटल्यावर बाजारातून खोलीवर जाताना करड्या रंगाची गाडी दिसली की मी थांबते आणि मागच्या काचेतून आत वाकून बघते. लोक संशयाने पाहतात; पाहू देत. पिवळा दोर आहे, टोकांना लाल सूत आहे, मी कुठेही ओळखेन. दिवाळीला मी मारेगावला जाणार आहे, ते ठरलेलंच आहे. पण दोर सापडला तर आम्ही दोघंही जाऊ.